दवणा, ढोरदवणा आणि गाजरगवत : एकाच कुळातली कडू झाडं, औषध कोणतं आणि विष कोणतं?

माळरान (धागाकर्ता, सोलापूर)

सध्या शहरात एक पुडी हिंडते आहे. वाळवून चुरलेला पाला. हा रानटी दवणा आहे, हिवतापावर रामबाण आहे, साखर उतरते, पोटातले जंत पडतात, असं सांगून तो खपवला जातोय. सोबत व्हॉट्सॲपवर एक मजकूर येतो. त्यात चीनच्या शास्त्रज्ञ तू योयो यांचं छायाचित्र आणि खाली ओळ : 'याच वनस्पतीला २०१५ चं नोबेल.' विडी घरकुलातल्या एका ओळखीच्या बाईंनी पुडी मला पाहायला दिली, कारण मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो. पाल्यात फुलांचे वाळके तुरे होते. पांढरे, पाच कोपऱ्यांचे, ज्वारीच्या दाण्याएवढे. दवण्याच्या प्रजातीत असलं पांढरं फूल येत नाही. ते गाजरगवत होतं, आपल्याकडे हिप्परग्यापासून होटगीपर्यंत कुठेही पडीक रानात माजतं ते.

म्हणून हा धागा. जरा लांब होईल, पण अर्धवट सांगण्यात अर्थ नाही.

दवणा ज्या प्रजातीतला, तिचं शास्त्रीय नाव आर्टेमिसिया. जगभर तिच्या सुमारे ५०० जाती आहेत. आपला चैत्रातला दवणा, जो जोतिबाला आणि महादेवाला वाहतात, तो आर्टेमिसिया पॅलेन्स. सह्याद्रीच्या उतारांवर आपोआप उगवतो तो ढोरदवणा, आर्टेमिसिया निलगिरिका. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा किरमाणी ओवा हाही ओवा नव्हेच, आर्टेमिसिया मारिटिमा आणि तिच्या जवळच्या जातींच्या न उमललेल्या कळ्या असतात त्या. युनानीतलं अफसंतीन म्हणजे आर्टेमिसिया ॲब्सिंथियम. आणि नोबेलशी जिचा संबंध आहे ती यांपैकी एकही नाही. ती आर्टेमिसिया ॲनुआ, चीनमध्ये छिंगहाओ म्हणतात ती. भारतात लखनौच्या 'सीमॅप' या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संस्थेने तिचे 'जीवन रक्षा' आणि 'आरोग्य' असे वाण काढलेत आणि त्यांची लागवड होते. सोलापूरच्या मुरमाड माळावर ती आपोआप उगवलेली मी तरी पाहिलेली नाही.

आता रसायन. या सगळ्या झाडांच्या पानांवर भिंगातून दिसतील अशा बारीक तेलग्रंथी असतात. वास आणि कडूपणा बहुतेक तिथेच साठतो. झाड आधी पाच कार्बनचा एक तुकडा बनवतं, तसे तीन तुकडे जोडून पंधरा कार्बनची साखळी करतं, आणि मग प्रत्येक जात त्या साखळीला आपल्या पद्धतीने वळण देते. एकाच ज्वारीच्या पिठाची कुणी भाकरी थापावी, कुणी धपाटं, कुणी आंबील करावी, तसं. या पंधरा कार्बनवाल्यांना सेस्क्विटर्पीन म्हणतात.

दवण्यात त्यापासून डॅव्हॅनोन होतं, त्याचा तो गोडसर, मुरलेल्या फळासारखा वास. किरमाणी ओव्यात सँटोनिन होतं. छिंगहाओत आर्टेमिसिनिन. आणि गाजरगवतात पार्थेनिन. कागदावर बघाल तर सँटोनिन आणि पार्थेनिन यांत फक्त एका ऑक्सिजनचा फरक आहे. दोन्हींत १५ कार्बन, १८ हायड्रोजन. एकात ३ ऑक्सिजन, दुसऱ्यात ४. पण रेणूची मांडणी वेगळी, आणि सगळा खेळ मांडणीचाच आहे.

पार्थेनिनच्या रेणूत लॅक्टोन नावाचं कार्बन-ऑक्सिजनचं एक कडं असतं, त्याला एक उघडा दुहेरी बंध चिकटलेला असतो. आपल्या त्वचेतल्या प्रथिनांत गंधक असलेले गट असतात, ते त्या बंधाला जाऊन घट्ट जोडले जातात. प्रथिनाचं रूप बदललं की शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा त्याला परकं समजते आणि मग खाज, लाली, सूज सुरू होते. सँटोनिन आणि आर्टेमिसिनिन या दोघांत ती जागा बंद आहे, तिथे साधा मिथाइल गट बसलेला आहे.

आर्टेमिसिनिनचं वैशिष्ट्य दुसरीकडे आहे. त्याच्या रेणूत दोन ऑक्सिजन एकमेकांना जोडून एक पूल तयार झालेला असतो, पेरॉक्साइडचा. हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो. खाताना त्यातला लोहयुक्त हीम मोकळा होतो. हे लोह तो पूल तोडतं, त्यातून अतिशय क्रियाशील तुकडे निघतात आणि ते परजीवीची स्वतःचीच प्रथिनं जाळत सुटतात. म्हणजे परजीवीने जे खाल्लं तेच त्याच्यावर उलटतं. निरोगी पेशीत असं मोकळं हीम नसल्यासारखंच असतं, म्हणून माणसाला त्याची झळ कमी. मला औषधशास्त्रातली ही सर्वांत देखणी यंत्रणा वाटते आणि दरवर्षी शिकवताना तितकीच वाटते.

हा पूल मात्र नाजूक आहे. चीनमध्ये २३ मे १९६७ ला हिवतापावरची गुप्त मोहीम सुरू झाली, तारखेवरून 'प्रकल्प ५२३'. तू योयो १९६९ मध्ये त्यात आल्या. छिंगहाओचे अर्क कधी चालत, कधी फसत. चौथ्या शतकातल्या गे हाँग या वैद्याच्या ग्रंथात त्यांना कृती सापडली : मूठभर छिंगहाओ पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. उकळायला सांगितलेलंच नव्हतं. उष्णतेने गुण जातो हे त्यांनी ताडलं आणि ३५ अंशांना उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला. ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांमधला परजीवी पूर्ण साफ केला. १९७२ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो अर्क आधी स्वतः घेऊन सुरक्षितता पाहिली, आणि त्याच वर्षी शुद्ध स्फटिक हाती आले. त्याची रचना : १५ कार्बन, २२ हायड्रोजन, ५ ऑक्सिजन.

आणि आमच्या पुडीवर काय लिहिलंय? 'दोन चमचे पाला पाव लिटर पाण्यात निम्मे होईपर्यंत उकळावा.'

कुणाकडे अशी पुडी आली असेल तर इथे लिहा. फोटो टाका. विकणाऱ्याचं नाव नको, पाल्याचं वर्णन हवं.

---

संगमेश्वरी

वाचतेय. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मजकूर आलाय. हा धागा तिकडे टाकला तर चालेल ना?

---

माळरान

जरूर टाका.

---

भीमाकाठ

गाजरगवताचं मी सांगतो, अंगावर काढलंय म्हणून. मंगळवेढ्याकडं रान आहे आमचं. बांधावरचं गवत हातानं उपटायचो. आधी मनगटाला खाज, मग कोपराच्या घडीत, मग मानेला. नंतर नंतर तर हात न लावता नुसतं बांधावरनं चाललो तरी पापण्या सुजायला लागल्या. उन्हानं होतंय म्हणून बरेच दिवस टोपी बदलून बघितली. कातडीच्या डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या लावून तपासलं अन् सांगितलं, गाजरगवत. वर म्हणाले शेवंतीपासून पण लांब राहा.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. असलं गवत कुणी उकळून प्यायलं तर आत काय होतं? अन् चैत्रात दवणा हातात घेतला तर चालंल का?

---

माळरान

@भीमाकाठ, तुमचा अनुभव इथे आला हे फार बरं झालं. हात न लावताही त्रास होण्याचं कारण असं की गाजरगवताची वाळलेली लव आणि भुगा वाऱ्यावर उडतो. म्हणून पापण्या, मान, कोपराची घडी, जिथे धूळ बसते तिथेच आधी उठतं. उन्हाची ॲलर्जी समजून अनेकांचे महिने वाया जातात.

प्यायल्यास : पार्थेनिन पेशींना विषारी आहे. गाजरगवत खाल्लेल्या जनावरांच्या तोंडात, आतड्यात व्रण पडल्याच्या नोंदी आहेत आणि दूध कडू होतं हे तर गोठ्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असेल. ज्याला आधीच ॲलर्जी आहे त्याच्या पोटात तो काढा गेला तर अंगभर पुरळ उठू शकतं.

दवण्याचं : शेवंती, दवणा, गाजरगवत ही सगळी सूर्यफुलाच्या कुळातली. उघडा दुहेरी बंध असलेले लॅक्टोन या कुळात अनेक झाडांत असतात. खुद्द छिंगहाओतही आर्टेमिसिनिनच्या जोडीला आर्टेॲन्युइन-बी नावाचा तसला रेणू आहे. त्यामुळे एकाची ॲलर्जी असली की दुसऱ्यालाही त्वचा भडकू शकते. तुम्ही दवणा हातात घेऊ नका. देवाला वाहायचा तर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातून वाहा. आणि बांधावरचं गवत फुलायच्या आत काढून घ्या, कारण एकेका झाडाला हजारोंनी बी येतं. काढणारा तुम्ही नको.

---

भीमाकाठ

बरं सांगितलं. आमच्याकडं तर ह्याला काँग्रेस गवतच म्हणतेत. अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं म्हणायचे वडील.

---

माळरान

वडील म्हणत तेच सर्वत्र सांगितलं जातं. पुण्यात १९५५ च्या सुमारास ते पहिल्यांदा ठळकपणे नोंदलं गेलं. त्यावर उपाय म्हणून मेक्सिकोतला झायगोग्रामा नावाचा भुंगेरा आणून १९८४ मध्ये बंगळुरूला सोडला होता. पावसाळ्यात पानं चाळणीसारखी झालेली गाजरगवताची झाडं दिसली तर ते त्याचंच काम. त्याला मारू नका.

---

तापाचा_डॉक्टर

धागा उत्तम. मी दवाखान्यात बसून जे बघतो ते जोडतो.

"काढा घेतला आणि ताप उतरला" हे वाक्य मी पावसाळ्यात नेहमी ऐकतो. हिवतापाचा ताप चढतो-उतरतो तो परजीवीच्या आयुष्यक्रमाप्रमाणे. व्हायवॅक्स जातीत साधारण ४८ तासांनी तांबड्या पेशी फुटतात, थंडी वाजून ताप भरतो, घाम येऊन उतरतो. मधला दिवस माणूस बरा असतो. त्या दिवसाआधी जे काही घेतलं असेल त्याला श्रेय मिळतं. डेंगी किंवा साधा विषाणूजन्य ताप असेल तर तोही आपापल्या वेळेने उतरतोच.

दुसरं, व्हायवॅक्सचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात. त्यांच्यावर आर्टेमिसिनिनचाही परिणाम होत नाही, मग पाल्याची काय कथा. त्यासाठी क्लोरोक्विनच्या जोडीला १४ दिवसांचं प्रायमाक्विन द्यावं लागतं, आणि तेही जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असणाऱ्याला देताना जपून. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला ते देत नाहीत. परजीवीची फाल्सिपेरम ही दुसरी जात असेल तर आर्टेसुनेट (आर्टेमिसिनिनपासून बनवलेलं औषध) आणि जोडीला दुसरं औषध असा संयुक्त उपचार. फाल्सिपेरममध्ये दोन-तीन दिवस काढ्यावर घालवले तर परजीवी मेंदूपर्यंत त्रास देऊ शकतो. तेव्हा थंडी वाजून ताप आला की बोटातून रक्ताचा थेंब द्या. सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहे.

---

रसशाळा

मी आयुर्वेदाची पदवीधर आहे, सोलापुरातच व्यवसाय करते. पुडी विकणाऱ्यांची बाजू घ्यायला आलेली नाही. गाजरगवत कोणत्याही संहितेत नाही, असणारही नाही, ते आपल्याकडे आलंच अलीकडे.

पण धाग्यातून असा सूर निघू नये की वनस्पती म्हणजे कच्चा माल आणि खरं औषध फक्त कारखान्यातला स्फटिक. दमनक, म्हणजे दवणा, भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात पुष्पवर्गात येतो, कडू-तुरट आणि सुगंधी. कंडू (खाज) आणि त्वचाविकारांत त्याचा उल्लेख आहे. आम्ही वनस्पती पूर्ण वापरतो, त्यामागे अनुभव आहे. आणि आर्टेमिसिया ॲनुआच्या पूर्ण पानातले इतर घटक आर्टेमिसिनिनचा परिणाम वाढवतात असं प्रयोगशाळेत दिसलं आहे, हे तुम्हालाही माहीत असणार. मग संपूर्ण पानाला सरसकट नाही का म्हणायचं?

---

माळरान

@रसशाळा, प्रश्न योग्य आहे, त्यामुळे नीट उत्तर देतो.

हो, त्या पानात कॅस्टिसिन, आर्टेमेटिन यांसारखे फ्लॅव्होनॉइड आहेत आणि परीक्षानळीत ते आर्टेमिसिनिनला साथ देतात. माझी अडचण मात्रेची आहे. आर्टेमिसिनिन पाण्यात जेमतेम विरघळतं. पानात ते किती आहे हे वाण, जमीन, तोडणीची वेळ, वाळवण्याची पद्धत यांवर ठरतं. कुठे जवळजवळ शून्य, कुठे वाळलेल्या वजनाच्या एक टक्का, निवडक वाणांत त्याहून थोडं जास्त. आर्टेसुनेट देताना डॉक्टर किलोला ४ मिलिग्रॅम असं मोजून तीन दिवस देतात. काढ्याच्या पेल्यात काल किती होतं आणि आज किती, हे सांगता येत नाही. शिवाय रक्तातून ते काही तासांत निघून जातं.

अपुऱ्या मात्रेचं दुसरं नुकसान त्या एका रुग्णापुरतं राहत नाही. थोडं औषध सोसून जे परजीवी जगतात, तेच पुढे पसरतात. पश्चिम कंबोडियात आर्टेमिसिनिनला दाद न देणारा फाल्सिपेरम आढळलाच आहे, त्याच्या केल्च-१३ नावाच्या जनुकात बदल असतात. क्लोरोक्विन फाल्सिपेरमवर निकामी झालं तेव्हा हे औषध हाताशी होतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना हिवतापासाठी आर्टेमिसियाचा पाला, चहा, चूर्ण वापरू नका असं सांगते, आणि शुद्ध आर्टेमिसिनिनसुद्धा एकटं न देता जोडीनेच द्यायला सांगते.

परंपरेबद्दल मला मनापासून आदर आहे. गे हाँगची ती ओळ नसती तर ईथरपर्यंत कुणी पोहोचलं नसतं. पण ती ओळ उपयोगी पडली कारण तिच्यात झाड नेमकं होतं आणि कृती नेमकी होती. तुम्ही रुग्णाला औषध देता तेव्हा झाड ओळखून, पारखून देता. त्या पुडीत यातलं काहीच झालेलं नाही.

---

रसशाळा

झाड नेमकं आणि कृती नेमकी, यावर माझं काहीच दुमत नाही. आमच्याकडे द्रव्यगुणाच्या, म्हणजे औषधी द्रव्यांच्या विषयाच्या, पहिल्याच वर्षी ओळख आणि परीक्षा शिकवतात ते याचसाठी. दमनकाची मी दिलेली माहिती त्वचाविकारांपुरतीच धरावी, हिवतापासाठी नव्हे, हेही इथे नोंदवते.

---

पद्मा_पूर्वभाग

आमच्या तेलुगू घरी विनायक चवितीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, एकवीस पत्री वाहतात, त्यात पहिलं नाव माचीपत्रीचं. अम्मम्मा (आजी) ती मंगळवार बाजारातून आणायची, वाळली की कापडात गुंडाळून ट्रंकेत रेशमी साड्यांबरोबर ठेवायची. कसर लागत नाही म्हणायची. ही माचीपत्री म्हणजे तुमचा दवणाच का? की ढोरदवणा? मराठी शेजाऱ्यांच्या पत्रीत मी ती कधी पाहिली नाही.

---

माळरान

@पद्मा, माचीपत्री म्हणून ढोरदवणा किंवा त्याची जवळची जात वापरतात, बाजारात कधी कधी दवणाही त्या नावाने देतात. ओळखायची खूण : ढोरदवण्याचं पान वरून हिरवं आणि खालून पांढरट मखमली असतं, चुरडलं की कापरासारखा उग्र वास येतो. दवणा सगळाच राखाडी-हिरवा, नाजूक कातरलेला, वास गोड. मराठी पत्रीच्या यादीत माका, आघाडा, डोरली, मरवा असतात, माचीपत्री नसते. तेलुगू घरांमुळे ती सोलापुरात टिकली ही या शहराची श्रीमंती आहे.

अम्मम्मांचं बरोबर होतं. ढोरदवण्याच्या तेलात कापूर, सिनिओल, बोर्निऑल, थुजोन अशी द्रव्यं असतात आणि यातली बरीच किड्यांना नकोशी असतात. प्रमाण मात्र ठिकाणागणिक बदलतं. एका डोंगरावरच्या ढोरदवण्यात कापूर जास्त, दुसऱ्या ठिकाणच्या तेलात थुजोन. दिसायला झाड तेच. कपाटात ठेवायला याने काही बिघडत नाही, पोटात घ्यायला मात्र फार बिघडतं.

---

लवंगलता

नाव बदलून लिहितेय. पाळी चुकली की ढोरदवण्याचा काढा घ्यायचा असं आमच्याकडे बायका आपसात सांगतात. थुजोन वाचून विचारावंसं वाटलं. हे घेणं कितपत धोक्याचं?

---

तापाचा_डॉक्टर

कृपया घेऊ नका आणि जिने सांगितलं तिलाही सांगा. थुजोन मेंदूतल्या गाबा या शांत करणाऱ्या संदेशाला अडवतं. मात्रा वाढली की झटके येतात. फेफरं असणाऱ्यांनी तर या तेलाच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. पाळी चुकली असेल तर आधी गर्भधारणेची तपासणी करा, औषधाच्या दुकानात पट्टी मिळते. गर्भ असेल आणि नको असेल तर कायद्याने सुरक्षित मार्ग आहे, सरकारी रुग्णालयात तो गुप्तता राखून उपलब्ध असतो. काढ्याने गर्भ पडेलच असं नाही, रक्तस्राव आणि विषबाधा मात्र होऊ शकते.

---

लवंगलता

धन्यवाद. इथे विचारता आलं.

---

अत्तरवेडा

दवण्यावर दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. दवण्याचं तेल जगातल्या अत्तरवाल्यांना दक्षिण भारतातूनच जातं, मुख्यतः कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूतून. तेच तेल दोघांच्या मनगटावर लावलं तर वेगवेगळं दरवळतं अशी त्याची ख्याती आहे. खाद्यपदार्थांच्या स्वादातही ते किंचित वापरतात. त्यात डॅव्हॅनोनशिवाय लिनालूल आणि डॅव्हाना ईथर असतात. फुलं उमलू लागली की तोडणी करायची, तेव्हा तेल भरात असतं.

---

चार_हुतात्मा

विषय चीनचा निघाला आहे म्हणून. आपल्या सोलापुरात १९१० मध्ये जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ च्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथल्या आघाडीवर जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. छिंगहाओशी त्यांचा काही संबंध नाही, हे आधीच सांगतो. पण ज्या शहराने चीनला असा डॉक्टर दिला, त्या शहरात चीनच्या शास्त्रज्ञ बाईंचा फोटो लावून गाजरगवत विकलं जावं याचा मला राग येतो.

---

माळरान

मलाही येतो.

---

संगमेश्वरी

ग्रुपवर धागा टाकला. तिथून प्रश्न आलाय : किरमाणी ओव्याने जंत पडतात हे तर खरं ना? मग पुडीचा तेवढा दावा बरोबर?

---

माळरान

किरमाणी ओव्यापुरतं खरं आहे, पुडीत तो नाही.

सँटोनिन १८३० मध्ये वेगळं काढलं गेलं आणि पुढची शंभरेक वर्षं गोल जंतांवर तेच औषध होतं. ब्रिटिश काळात काश्मीरकडच्या आर्टेमिसियापासून ते काढत. जंत मरतातच असं नाही, ते गुंगतात, पकड सुटते आणि मग रेचक देऊन बाहेर काढतात. पण मात्रा थोडी वाढली की माणसाला सगळं पिवळं दिसायला लागतं, पुढे झटके येतात. उपयोगाची मात्रा आणि त्रासाची मात्रा यांत अंतर फार कमी, म्हणून ते मागे पडलं. आता अल्बेंडॅझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी पुरते, एक ते दोन वर्षांच्या बाळाला निम्मी. १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांत ती मोफत देतात.

एक गोष्ट विद्यार्थ्यांसाठी : सँटोनिनचे पांढरे स्फटिक उन्हात ठेवले तर पिवळे पडतात आणि तडकतात. १८३४ मध्ये ट्रॉम्सडॉर्फने हे लिहून ठेवलं. प्रकाशाने रेणू बदलतो याच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ती एक आहे. जंताच्या औषधातून प्रकाशरसायनाची वाट निघाली!

पुडीतल्या साखरेच्या दाव्याबद्दल. दवण्याच्या अर्कावर उंदीर-घुशींमध्ये काही प्रयोग झाले आहेत. तेवढ्यावरून माणसाने गोळ्या सोडून पाला घ्यावा असं म्हणता येत नाही. मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्याचे परिणाम मी माझ्या नात्यात पाहिलेत.

---

द्रव्यगुण_विद्यार्थी

सर, ओळख पटवायची असेल तर पुडीतला चुरा पुरतो का? आणि सूक्ष्मदर्शकाखाली काय बघायचं?

---

माळरान

फूल असेल तर काम सोपं. आर्टेमिसियाचे गुच्छ बारीक, पिवळट किंवा तपकिरी, पाकळ्या दिसत नाहीत, कारण त्यांचं परागण वाऱ्यावर होतं आणि किड्यांना बोलावायची गरज नसते. गाजरगवताला कडेने पाच छोटी पांढरी फुलं असतात, त्यामुळे ते पंचकोनी दिसतं. खोड असेल तर गाजरगवताच्या खोडावर उभ्या रेघा-खाचा आणि लव. नुसता पानांचा चुरा असेल तर डोळ्याने ठरवू नका. लव आणि तेलग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, जोडीला पातळ थरावरची क्रोमॅटोग्राफी करा, माहीत असलेल्या नमुन्याशेजारी लावून. मात्र सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे आख्खी फांदी, फुलासकट, वर्तमानपत्रात दाबून वनस्पतिशास्त्राच्या विभागात नेणं. चुरा उघडताना हातमोजे आणि मुखपट्टी लावा. @भीमाकाठ यांचं वर्णन वाचलंतच.

---

पद्मा_पूर्वभाग

माझ्या ट्रंकेतली माचीपत्री आत्ता काढून बघितली. पान खालून पांढरं, वास कापराचा. म्हणजे ढोरदवणा. पण आता दवणाही लावायचाय. गच्चीवर कुंडीत येईल का? उन्हाळ्यात तर आमची गच्ची तापून पाय ठेववत नाही.

---

अत्तरवेडा

येईल, उन्हाळ्याआधी आटोपतो तो. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरा. बी अगदी बारीक असतं, मूठभर बारीक वाळूत मिसळून मातीवर वरवर भुरभुरा, मातीखाली गाडू नका. गेल्या हंगामाचं बी घेऊ नका, त्याची उगवण लवकर जाते. मंगळवेढ्याची काळी माती नको, पाणी धरून ठेवते. तांबडी माती, थोडी वाळू, कुजलेलं शेणखत घाला. सहा-सात आठवड्यांनी रोपं वेगळी करून वीतभर अंतरावर लावा. पाणी रोज थोडं, साचू द्यायचं नाही. फेब्रुवारीच्या शेवटी कळ्या दिसतील. ऐन फुलात अवकाळी पाऊस आला तर कुंड्या आडोशाला घ्या, भिजला की वास जातो. चैत्रासाठी हवा असेल तर थोडं बी पंधरा-वीस दिवस उशिरा टाका.

---

पद्मा_पूर्वभाग

बी कुठे मिळेल?

---

अत्तरवेडा

माझ्याकडे याच हंगामाचं आहे. व्यक्तिगत निरोपात पत्ता कळवा, पाकिटातून पाठवतो. @भीमाकाठ, तुम्हाला मात्र नाही पाठवणार.

---

भीमाकाठ

नको, नको. आमच्याकडं ज्वारीच बरी. पण बायकोला लावायचाय म्हणतीय, तिला काही त्रास नाही. तिच्यासाठी चिमूटभर द्या, मी कुंडीपासनं लांब राहतो.